एकशे ऐंशी मिलिलिटर

धाकटीने स्वतःबद्दल लिहिलेलं शिफारसपत्र सरांच्या पसंतीस उतरलं नाही. त्यात स्तुती कमी पडते, असं त्यांचं म्हणणं.

विभागाची रीतच तशी होती. ज्याला शिफारसपत्र हवं त्यानेच ते लिहून आणायचं, सरांनी खाली सही ठोकायची. सरांचा वेळ वाचे आणि मागणाऱ्याची भीड चेपे. धाकटीने दोन दिवस डोकं खाजवून स्वतःला ‘मेहनती’, ‘चिकाटीची’ आणि ‘विश्वासार्ह’ ठरवलं होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला, मेहनती तर चढावर हातगाडी ओढणाराही असतो म्हणाले, आणि लाल पेनाने तीन ठिकाणी ‘असामान्य’ घुसवलं. ‘विश्वासार्ह’ मात्र त्यांनी खोडलं. तो शब्द कुलपाला शोभतो, म्हणाले.

पत्र गेलं, एकोणीस पानांचा अर्ज गेला, आणि दोन महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. श्वसनाच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या होतकरू लोकांसाठीची ती फेलोशिप. पाच वर्षांचा पगार, हाताखाली दोन माणसं आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी. चार जागा, बोलावणं दहा जणांना. अट अशी, की पीएचडीला आठ वर्षांच्या वर झालेली नसावीत. त्यानंतर माणूस होतकरू राहत नाही, नुसता राहतो, असं त्या मंडळींचं मत असावं. धाकटीची आठ वर्षं याच वर्षी भरत होती. विभागातलं तिचं अकरा महिन्यांचं कंत्राट सात वेळा वाढवून झालं होतं आणि पुढच्या महिनाअखेरीला संपत होतं. आठव्यांदा वाढवायला सरांकडे निधी नव्हता. त्यांनी तसं सांगताना खिशात हात घालून दाखवला, जणू निधी तिथेच असायचा.

घरी तीन बायका: आई, थोरली आणि ती. आईचं खुब्याचं हाड एकदा मोडून बसवलेलं. काठी घेऊन ती खोलीतून खोलीत फिरे आणि कुणाचं काय चुकलं ते पाहून येई. थोरली बालवाडीत शिक्षिका. आठ वर्षं धाकटीची नोकरी तात्पुरती, म्हणून थोरलीचं घरी असणं कायमचं, असं ते गणित बसलं होतं. शेजारीपाजारी धाकटीला डॉक्टर म्हणत आणि खोकल्याचं औषध विचारत. आपण तसली डॉक्टर नाही, असं ती सांगे. मग कसली, असं विचारलं की थोरली आतून उत्तर देई, की ती लोकांच्या फुप्फुसांची वही लिहिते, औषध मागाल तर वहीत नाव टाकेल.

दोघी बहिणींत एक बोली झालेली होती. धाकटीचं बस्तान बसलं की पाळी थोरलीची. दुसऱ्या गावच्या एका शाळेने थोरलीला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं, राहायला दोन खोल्याही देणार होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी असं बोलावणं पुन्हा येत नाही, हे तिला शाळेने सांगायची गरज नव्हती. होकार कळवायला तिने महिनाभराची मुदत मागून घेतली होती. फेलोशिप मिळाली तर आईसाठी दिवसभराची बाई ठेवायची, आणि थोरलीने जायचं. नाही मिळाली तर थोरलीने बालवाडीतल्या पोरांचे शेंबूड पुसत राहायचं. दोघी याबद्दल बोलत नसत. थोरलीने फक्त कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली होती, आणि ती कुणी विचारलं तर म्हणे, झुरळं झाली होती.

अर्जाचा सगळा डोलारा एका आकड्यावर उभा होता. शहरातल्या चार बेकऱ्यांतल्या एक्केचाळीस कामगारांच्या छातीत वर्षानुवर्षं मैद्याची धूळ जाते. धाकटीने त्यांना सहा महिने मास्क वापरायला लावले आणि श्वासाचे व्यायाम शिकवले. व्यायामाआधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येकाची चाचणी घेतली. चाचणी साधीच असते. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मशीन सांगतं. सहा महिन्यांनी ती हवा सरासरी एकशे ऐंशी मिलिलिटरने वाढली होती. अर्धा पेला पाणी म्हणा हवं तर. पण श्वासाच्या धंद्यात अर्ध्या पेल्यावर लोकांचे संसार उभे राहतात.

सोमवारी मुलाखतीची तयारी करताना तिला एक आलेख हवा होता, पडद्यावर दाखवायला देखणा असा. म्हणून तिने एक्केचाळीस जणांचे जुने-नवे आलेख जोडीजोडीने उघडले. भट्टीवर तीस वर्षं काढलेल्या एका म्हाताऱ्याचा नवा आलेख सुळक्यासारखा वर चढून मग सावकाश उतरत होता, आणि जुना नुसता उंचवटा होता, टेकाडाएवढा. पुढची जोडी तशीच. त्यापुढचीही. फुप्फुसं सुधारली की आलेख मोठा होतो, हे ठीक. पण सुरुवातीची धार अशी बदलत नाही. धार फुंकणाऱ्याच्या जोरावर असते आणि जोर फुंकवून घेणाऱ्यावर. तिने आलेखाखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, बारीक अक्षरातली नोंद बघितली. चाचणी कुणी घेतली, त्या व्यक्तीचा क्रमांक. पहिल्या फेरीच्या सगळ्या चाचण्या तिच्या स्वतःच्या क्रमांकावर होत्या. दुसऱ्या फेरीच्या सगळ्या भोंग्याच्या.

भोंगा म्हणजे विभागातल्या तंत्रज्ञ बाई. सव्वीस वर्षं त्यांनी माणसांना फुंकायला लावलं होतं. नाव मागे पडलं होतं आणि भोंगा पुढे आला होता. त्यांना ते ठाऊक होतं आणि पदवी मिळाल्यासारखं त्या ते मिरवत. धाकटी त्यांना मावशी म्हणे. त्यांची चाचणी तिसऱ्या मजल्यावर चालली तर तळमजल्यावरचा पहारेकरी नकळत श्वास भरून घेई. पहिल्या फेरीच्या वेळी मात्र मावशी दोन महिन्यांच्या रजेवर होत्या, त्यांच्या लेकीला जुळं झालं होतं. तेव्हा धाकटीनेच सगळ्या चाचण्या घेतल्या, आपल्या त्या आवाजात. तिचा आवाज असा, की दुकानदार तिला दोनदा विचारतो काय हवंय म्हणून. ती म्हणाली असेल, जरा जोरात फुंका हं काका. आणि काकांनी जराच फुंकलं असेल.

अर्जात लिहिलं होतं, सर्व चाचण्या प्रशिक्षित व्यक्तीने घेतल्या. ते खरंच होतं. दोघीही प्रशिक्षित होत्या.

शंका खरी की खोटी, हे बघायची एक सोय होती, आणि ती वापरायची की नाही यावर धाकटीने दोन कप चहा घेतला. पहिल्या फेरीच्याच महिन्यात तिने एका छापखान्यातल्या बारा जणांच्या चाचण्या घेतल्या होत्या, तुलनेसाठी. त्यांना ना व्यायाम शिकवला होता ना मास्क दिले होते. दुसऱ्यांदा चाचणीला त्यांच्या मालकाने वेळ दिला नाही, म्हणून तो गट अर्जातून गळाला. मंगळवारी सकाळी तिने मालकाला फोन करून दोन तास मागितले. मालक म्हणाला, या, आज एक यंत्र बंदच आहे.

छापखान्याच्या मागच्या बाजूला कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये एक टेबल रिकामं करून दिलं होतं. मावशींनी मशीन मांडलं, बाही वर केली आणि पहिल्या माणसाला स्टुलावर बसवलं. तो पुस्तकबांधणी करणारा, बोटांना सरस लागलेला, अंगाने काटकुळा.

“पाठ ताठ. आता भरा. भरा, भरा, अजून भरा, आहे जागा आत, लपवू नका. हां. फुंका. फुंका फुंका फुंका, सोडू नका, सोडू नका, सासुरवाडीला आहात का लाजायला, अजून, अजून, संपेपर्यंत.”

शेजारचं यंत्र चालवणाऱ्याने हातातलं काम टाकून बघितलं. काटकुळ्या माणसाचे डोळे बाहेर यायच्या बेताला आले, नळी सुटली आणि तो टेबल धरून हसायला लागला. धाकटीने पडद्यावर बघितलं. गेल्या वेळेपेक्षा दोनशे दहा जास्त.

तिथून पुढे जे झालं त्याची मजा तिला सोडून सगळ्यांना आली. मागच्या वेळचा आकडा किती होता, ते प्रत्येक जण विचारायला लागला आणि वाढला की बाकीच्यांना ओरडून सांगायला लागला. फोरमन एकशे नव्वदने वाढला, तेव्हा त्याने कागदाचा गठ्ठा एका हाताने उचलून दाखवला. एक जण फक्त तीसने वाढला, तर त्याला मित्रांनी चिडवून पुन्हा बसवलं आणि मावशींनी त्याच्याकडून शंभर काढले. मालक स्वतः दारात येऊन उभा राहिला, आणि आपल्याकडची हवा चांगली आहे असं सरकारला कळवता येईल का, म्हणून विचारून गेला. धाकटी प्रत्येक आकडा वहीत उतरवत होती. अकराव्या माणसाच्या वेळी तिने देवाकडे त्याची तब्येत थोडी बिघडलेली मागितली. तो दोनशे चाळीसने वाढला.

बारा जणांची सरासरी एकशे पासष्ट निघाली. मधल्या काळात यांनी एकही व्यायाम केला नव्हता.

परत येताना मावशी खुशीत होत्या, कशी धावली बघा पोरं म्हणत होत्या. मग त्यांना धाकटीचा चेहरा दिसला. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्या चालता चालता थांबल्या. रस्त्याच्या कडेला, मशीनची पेटी दोन्ही हातांत धरून.

“म्हणजे मी नीट काम केलं, ही चूक झाली का मॅडम?”

धाकटी म्हणाली, चूक माझी, मी नीट केलं नव्हतं. मावशींनी ते ऐकून घेतलं, पण पेटी तिच्या हातात देऊ केली नाही. एरवी पुलापासून पुढे ती धाकटी धरत असे.

सर वाईट नव्हते. सर फक्त अनुभवी होते. बुधवारी त्यांनी तिचं सगळं म्हणणं डोळे मिटून ऐकलं. छापखान्याचे बारा जण अर्जात आहेत का, असं विचारलं. नाहीत. मग ते नाहीतच, म्हणाले. अर्ज ज्या दिवशी भरला त्या दिवशी तिला जे ठाऊक होतं ते तिने लिहिलं, यात खोटं कुठे आहे? व्यायामाने फायदा होतच नाही, असं तरी सिद्ध झालंय का? तेही नाही. मग फेलोशिप घ्यावी आणि पाच वर्षांत सगळं पहिल्यापासून नीट करावं, पैसे त्यासाठीच देतात लोक. सरांचं बोलणं असं असे, की ऐकताना प्रत्येक पायरी पक्की लागावी आणि वर पोचल्यावर कळावं की आपण दुसऱ्याच इमारतीत आलो.

पॅनलमधल्या कुणी विचारलंच तर, ते शेवटी म्हणाले, तंत्रज्ञाकडून चाचण्यांमध्ये फरक पडला असं सांगायचं. तंत्रज्ञ काही मुलाखतीला बसलेली नाही.

“सर, फरक माझ्याकडून पडलाय.”

“तुम्ही बसलेल्या आहात. म्हणूनच सांगतोय.”

विभागाला गेल्या सहा वर्षांत एकही फेलोशिप मिळाली नव्हती, हे ते बोलले नाहीत. ते बोलायला त्यांच्या खोलीतलं गळकं छत होतं.

त्या संध्याकाळी धाकटीने थोरलीला सांगितलं. थोरली बालवाडीसाठी रंगीत कागदाचे मासे कापत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये दोन मासे कापून बाजूला ठेवले. मग म्हणाली, उद्या तू तिथे तोंड उघडणार असशील तर मला आत्ताच सांग, मी शाळेला नकार लिहून मोकळी होते, उगाच त्यांची खुर्ची अडवून कशाला ठेवू. धाकटी कापलेले मासे रांगेत लावू लागली. थोरलीने कात्री ठेवली.

“धाकटे, तू खरं बोलतेस तेव्हा मला अभिमानच वाटतो. पण दर वेळी बिल माझ्या दारात का येतं?”

आतून आईने विचारलं, कसलं बिल. दोघी एकदम म्हणाल्या, विजेचं.

मुलाखत घ्यायला पाच जण होते. मधे बसलेले अध्यक्ष छातीचे जुने डॉक्टर, स्वतः मात्र दर दोन मिनिटांनी घसा खाकरणारे. डावीकडे आकडेशास्त्राचा एक तरुण माणूस, टोकाला एक सचिव, तिच्यासमोर नियमांची पुस्तिका आणि टेबलावरचं घड्याळ. धाकटीला दहा मिनिटं होती. सहाव्या मिनिटाला पडद्यावर एकशे ऐंशीचा आकडा आला आणि तिला कळलं की ती बोलणार आहे. ठरवलं असं तिने कुठेच नव्हतं. सकाळी बसमध्ये तर तिने नेमकं उलट ठरवलं होतं. पण आकडा समोर आला आणि छापखान्यातला तो सरस लागलेला माणूस तिला टेबल धरून हसताना दिसला.

तिने सांगितलं. पहिली फेरी मी घेतली, माझा आवाज असा आहे, दुसरी एका जाणत्या तंत्रज्ञांनी घेतली, छापखान्याचे बारा जण काही न करता एकशे पासष्टने वाढले. हा आकडा बहुधा फुप्फुसांचा नाही, फुंकवून घेण्याचा आहे. एवढं बोलून ती थांबली. घड्याळात दीड मिनिट शिल्लक होतं.

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि सचिवबाईंकडे बघितलं. सचिवबाईंनी पुस्तिका उघडली. अर्जाची मुदत संपल्यानंतर हाती आलेली माहिती, अनुकूल असो वा प्रतिकूल, निवडीसाठी विचारात घेता येत नाही. सगळ्या उमेदवारांना समान न्याय.

“सकाळपासून तिघांनी नव्या छापून आलेल्या लेखांची नावं घुसवायचा प्रयत्न केला,” अध्यक्ष म्हणाले, “त्यांनाही हेच सांगितलं. वाईट बातमी घुसवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण नियम तोच. आम्ही हे ऐकलेलं नाही, असं धरू.”

आकडेशास्त्रवाल्या तरुणाने ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण त्याने प्रश्न विचारला तो अर्जाच्या अकराव्या पानावरचा, पुढच्या नमुन्याच्या संख्येबद्दल. तिने उत्तर दिलं. चांगलं दिलं.

अठरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. चार जणांत तिचं नाव तिसरं. खाली पॅनलचा शेरा: प्राथमिक निष्कर्ष आश्वासक.

सरांनी विभागात पेढे वाटल्यासारखे सगळ्यांशी हात मिळवले आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, बघा, तुम्ही सांगितलंत तरीही मिळाली, आता तरी मनातून काढा. थोरलीचंही म्हणणं तेच, फक्त तिने ते बॅगेत साड्या रचता रचता मांडलं. सांगितलंस ना? त्यांनी ऐकलं ना? मग तुझ्या अंगावर काय उरलं? त्याच दिवशी तिने शाळेला होकार कळवला. रविवारची बस ठरवली. आईने दोन दिवस तोंड फुगवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, तिकडे पाणी गोड आहे का खारं. म्हणजे परवानगी मिळाली.

धाकटी चार दिवस चांगली झोपली. मावशी पुन्हा पुलापासून पेटी तिच्या हातात देऊ लागल्या. त्यांच्यापुरतं धाकटीने मुलाखतीत जे सांगितलं तेवढं पुरेसं होतं. पाचव्या दिवशी स्वीकृतीचा फॉर्म आला. पहिल्या पानावर तिच्याच अर्जातून उचललेला सारांश छापलेला होता: ‘प्राथमिक अभ्यासात व्यायामामुळे श्वसनक्षमतेत सरासरी १८० मिलिलिटर वाढ आढळली.’ दुसऱ्या पानावर तळाला सहीची जागा, आणि तिच्या वर एक ओळ: वरील माहिती माझ्या आजच्या माहितीप्रमाणे सत्य आहे.

‘आजच्या’ हा शब्द कुणी घातला असेल, याचा तिने बराच विचार केला. एखादा कंटाळलेला वकील असणार. अर्ज भरला त्या दिवशीचं खरं आणि मुलाखतीच्या दिवशीचं न ऐकलेलं, हे सगळं त्या एका शब्दाने बाजूला सारलं होतं.

प्रयोगशाळेच्या वहीत चूक झाली तर ती पुसायची नसते, पांढरी शाई लावायची नसते, पानही फाडायचं नसतं. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आद्याक्षरं घालायची, तारीख टाकायची. धाकटीने पंधरा वर्षं हेच केलं होतं आणि दुसरं काही तिला सुचलंही नाही. तिने छापील वाक्यावर पट्टीने रेघ मारली. शेजारच्या मोकळ्या जागेत दोन्ही गटांचे आकडे लिहिले, चाचणी कुणी कधी घेतली ते लिहिलं, व्यायामाचा परिणाम यातून सांगता येत नाही असं लिहिलं, आद्याक्षरं, तारीख. मग दुसऱ्या पानावर सही केली. आता वरील माहिती सत्य होती. फॉर्म पाठवून दिला आणि तिला वाटलं, जमलं. फेलोशिपही राहील आणि आकडाही.

शनिवारी सकाळी फेलोशिपच्या कार्यालयातून फोन आला. थोरली हॉलमध्ये जमिनीवर बसून बॅगेची शेवटची बांधाबांध करत होती, म्हणून धाकटी तिथेच खिडकीशी उभी राहून बोलली.

पलीकडच्या कारकून बाई गोड होत्या. मॅडम, फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. छापील मजकुरात बदल असला की फॉर्म आपोआप बाद होतो. त्यांनी कोरा फॉर्म पुन्हा पाठवला होता, तेवढी सही करून दुपारी बारापर्यंत द्यायची, आज शेवटचा दिवस. धाकटीने विचारलं, सारांश बदलून मिळेल का. नाही, तो अर्जातून येतो, आणि अर्ज बंद झालाय. सोबत वेगळं पत्र जोडलं तर? पत्र जोडता येईल, पण ते कुणी वाचणार नाही, कारण ते ठेवायला फाइलमध्ये जागाच नाही. त्या बाई हे सगळं इतक्या आपुलकीने सांगत होत्या, की त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

आई काठी टेकत दारात येऊन उभी राहिली. थोरलीचे हात थांबले होते, पण ती वर बघत नव्हती.

“कोऱ्या फॉर्मवर मी सही करू शकत नाही,” धाकटी म्हणाली. तिच्या नेहमीच्याच आवाजात, त्यामुळे ते तिला दोनदा म्हणावं लागलं.

मग नकार नोंदवावा लागेल, बाई म्हणाल्या. नकार नोंदवला की प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवाराला आजच कळवता येईल. त्याची आठ वर्षं उद्या संपतात. नकाराला कारण लागतं. यादी वाचून दाखवू? दुसरी नोकरी. परगावी स्थलांतर. प्रकृती. कौटुंबिक.

“इतर असं काही?”

“इतर नाहीये मॅडम.”

“मग कोरं ठेवा.”

“कोरं ठेवलं तर नोंद पुढेच जात नाही. मग ती जागा तुमच्याही कामाची नाही आणि त्याच्याही.”

धाकटीने फोनवर हात ठेवला आणि खोलीकडे वळली. दुसरी नोकरी तिला नव्हती. असलेली महिनाअखेरीला जाणार होती. स्थलांतर दुसऱ्याचं होतं. प्रकृती ठणठणीत होती. एका खोट्या आकड्याखाली सही नको म्हणून पाच वर्षं सोडायला निघालेली बाई, आणि ती सोडायला तिला दुसरं खोटं निवडायचं होतं. तिला हसू येईल असं वाटलं, आलं नाही.

“कौटुंबिक लिहू नकोस,” थोरली म्हणाली. खाली बघूनच. “आयुष्यभर ते माझ्या नावावर राहील. बहीण गेली म्हणून सोडावं लागलं. लोक तेच म्हणतील, आणि दहा वर्षांनी तूही म्हणशील.”

फोनमध्ये बाई वाट बघत होत्या, मागे कुणीतरी कागद फाडल्याचा आवाज येत होता. आई एकीकडून दुसरीकडे बघत होती. नेमकं काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण काहीतरी जातंय एवढं कळलं होतं.

थोरली उठली. तिने गुडघ्यावरची धूळ झटकली, उगाच, कारण फरशी तिने सकाळीच पुसली होती.

“कोण आहे तो पुढचा?”

“माहीत नाही. नाव सांगत नाहीत. उद्या आठ वर्षं संपतायत त्याची.”

थोरलीने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकत होतं.

“लिही कौटुंबिक,” ती म्हणाली. “पण हे नीट ऐक. मी उद्या जाणार. तू हे केलंस म्हणून मी थांबणार नाही, आणि थांबले नाही म्हणून तू मला बोलायचं नाही. आईच्या गोळ्या सकाळी दोन, दुपारी एक. दुपारची ती तोंडात धरून ठेवते आणि मग कुंडीत टाकते. समोर उभं राहावं लागतं.”

“मी कधी टाकली,” आई म्हणाली.

धाकटीने फोनवरचा हात काढला आणि कारण सांगितलं. बाईंनी ते टंकलं, धन्यवाद म्हणाल्या, घरी सगळं ठीक होवो असंही म्हणाल्या. मग फोन बंद झाला. थोरली पुन्हा खाली बसली होती आणि बॅगेच्या चेनशी झगडत होती. बॅग फार भरली होती. धाकटी जाऊन तिच्या समोर बसली आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं.